शीर्षकांतर : धर्मभय आणि मराठी चित्रपटातील स्वयंसेन्सॉरशिप (१९३५ ते २०२५) – गोदाकाठच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठी चित्रपटाच्या इतिहासातील दोन शीर्षकांतरे शेजारी ठेवून पाहिली असता नव्वद वर्षांचा एक सामाजिक प्रवास स्पष्ट होतो. १९३५ मध्ये पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने संत एकनाथांच्या जीवनावर ‘महात्मा’ या नावाने चित्रपट तयार केला. प्रेक्षकांसमोर तो ‘धर्मात्मा’ या नावाने आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मना’चे श्लोक’ या नावाने प्रदर्शित झालेला मराठी चित्रपट आठवड्याभराच्या आत मागे घेण्यात आला आणि ‘तू बोल ना’ या नावाने पुन्हा पडद्यावर आणावा लागला. पहिले नाव सरकारी सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलले. दुसरे नाव निर्मात्यांनी स्वतःच बदलले. तेही मंडळाचे प्रमाणपत्र हाती असताना आणि उच्च न्यायालयाने प्रदर्शन रोखण्यास नकार दिलेला असताना.

या दोन्ही घटनांचा संबंध गोदावरीच्या एकाच खोऱ्याशी आहे. एकनाथांचे पैठण नदीच्या वरच्या अंगाला आहे. ‘मनाचे श्लोक’ रचणाऱ्या समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून हीच गोदावरी वाहते. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील भाग मिळून जालना हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. तथापि या भूभागाची सांस्कृतिक ओळख त्याहून कितीतरी जुनी असून ती संतपरंपरेने घडलेली आहे. साहजिकच मराठी चित्रपटाने संतचरित्राकडे पाहिले तेव्हा त्याला वारंवार याच प्रदेशात यावे लागले.

धार्मिक रोषाच्या भीतीने चित्रपटकर्ते स्वतःच स्वतःवर जी बंधने घालून घेतात त्यांचे स्वरूप या नव्वद वर्षांत कसे बदलले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. कात्री सरकारी कचेरीतून क्रमाक्रमाने निर्मात्याच्या हाती कशी आली आणि त्यामुळे इतिहासाच्या साधनांचे कोणते नुकसान झाले, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

स्वयंसेन्सॉरशिप : संकल्पना आणि साधनांचा प्रश्न

सेन्सॉरने कापलेल्या दृश्याची नोंद राहते. आदेश निघतो, त्याला क्रमांक असतो, तारीख असते, कधी कारणही दिलेले असते. त्यामुळे पुढील काळातील अभ्यासकाला त्या निर्णयाची चिकित्सा करता येते. जे दृश्य लेखकाने कागदावरच उतरवले नाही, जो विषय निर्मात्याने पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवला, त्याची मात्र कुठेही नोंद नसते. स्वयंसेन्सॉरशिपचा इतिहास लिहिण्यातील मूलभूत अडचण ही आहे.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. श्रद्धेच्या विषयाला हात घालताना कलावंताने पाळलेला संयम आणि भयापोटी स्वीकारलेले मौन या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिला विवेकाचा भाग आहे आणि तो कलेला पोषकही ठरू शकतो. दुसऱ्यात निर्णयाचे केंद्र कलावंताच्या विवेकातून बाहेर पडून संभाव्य आंदोलकाच्या हाती जाते. बाह्यतः दोन्हींचा परिणाम सारखाच दिसत असल्यामुळे प्रत्येक मौनाला भय म्हणणे अनैतिहासिक ठरेल.

या संदर्भात अमेरिकेचे उदाहरण बोधप्रद आहे. हॉलिवूडच्या निर्मात्यांनी १९३० मध्ये एक आचारसंहिता स्वीकारली आणि कॅथलिक संघटनांच्या बहिष्काराच्या दडपणाखाली १९३४ पासून तिची काटेकोर अंमलबजावणी सुरू केली. धर्मोपदेशकाला विनोदी पात्र अथवा खलपुरुष म्हणून दाखवू नये, असे कलम तीत होते. १९६८ मध्ये ही पद्धत संपुष्टात येऊन वर्गवारीची पद्धत आली. तेथील स्वयंसेन्सॉरशिप लेखी होती. निर्माते आणि संहिता-कार्यालय यांच्यातील पत्रव्यवहार जतन झाला. म्हणूनच त्या काळात काय गाळले गेले हे आज सांगता येते. मराठी चित्रपटातील संहिता अलिखित राहिली. ती शोधावयाची तर बदललेली शीर्षके, पुढे ढकललेल्या तारखा, आरंभीच्या खुलाशाच्या पाट्या आणि कथानकांचे ठरावीक शेवट अशा अप्रत्यक्ष खुणांचाच आधार घ्यावा लागतो.

१९३५ : ‘महात्मा’चा ‘धर्मात्मा’

ब्रिटिश सरकारने १९१८ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा केला आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे सेन्सॉर मंडळे काम करू लागली. या मंडळांना धर्मापेक्षा राजकारणाची धास्ती अधिक होती, हे लवकरच दिसून आले. कोहिनूर फिल्म कंपनीच्या ‘भक्त विदुर’ (१९२१) या पौराणिक चित्रपटातील विदुराच्या वेशभूषेत प्रेक्षकांना गांधीजी दिसले आणि कराची व मद्रास येथे त्यावर बंदी आली. पौराणिक कथेच्या आडून वर्तमान बोलता येते, हे निर्मात्यांना उमगले होते; तसेच ते सेन्सॉरलाही उमगले होते.

१९२७ मध्ये भारतीय दंडसंहितेत २९५-अ हे कलम समाविष्ट झाले. धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे हा त्यामुळे गुन्हा ठरला. या कलमाने दिलेले संरक्षण सर्व धर्मांना होते. परंतु भावना दुखावल्याची तक्रार हे एक कायदेशीर साधनही त्यातून उपलब्ध झाले. भारतीय न्यायसंहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाल्यावर हीच तरतूद कलम २९९ म्हणून पुढे चालू राहिली आहे.

व्ही. शांताराम दिग्दर्शित एकनाथचरित्राची निर्मिती या पार्श्वभूमीवर झाली. स्त्रीभूमिकांसाठी अवघ्या महाराष्ट्राला परिचित असलेले बालगंधर्व या चित्रपटात एकनाथांच्या भूमिकेत होते. एकनाथ अस्पृश्याच्या घरी जेवावयास जातात हा प्रसंग त्याच्या केंद्रस्थानी होता. काळाचा विचार केल्यास या निवडीचे महत्त्व कळते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला होता, पुणे करार १९३२ मध्ये झाला होता आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली होती. सोळाव्या शतकातील पैठणच्या निमित्ताने चित्रपट १९३५ च्या महाराष्ट्राशी बोलत होता.

सेन्सॉरने आक्षेप घेतला तो ‘महात्मा’ या नावावर; कारण त्या नावाने गांधीजींचे स्मरण होत होते. प्रभातला नाव बदलावे लागले. हा बदल सक्तीचा होता आणि सक्ती करणारा कोण, याविषयी कोणाच्याही मनात संदेह नव्हता. नाव बदलले तरी सहभोजनाचा विषय पडद्यावर पोहोचला. परकीय सत्तेच्या सेन्सॉरशिपचे समर्थन करण्याचे कारण नाही. मात्र तिला चेहरा होता, पत्ता होता, आणि म्हणून तिच्याशी वादही घालता येत होता, ही गोष्ट नमूद करावी लागते.

जालना त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानात १९२९ च्या गश्ती क्रमांक ५३ अन्वये जाहीर सभांनाच पूर्वपरवानगीचे बंधन होते. गोदाखोऱ्याची कथा पुण्यात चित्रित होत होती आणि मुंबई इलाख्यात तपासली जात होती. ज्या प्रदेशाची ती कथा होती तेथे सार्वजनिक उच्चाराची मोकळीक त्याहूनही कमी होती. मराठवाड्याच्या सांस्कृतिक इतिहासाचा विचार करताना हा भेद दृष्टीआड करता येत नाही.

संतपट : चमत्काराचा आश्रय

‘धर्मात्मा’ला अपेक्षित यश मिळाले नाही. पुढच्याच वर्षी प्रभातने विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली ‘संत तुकाराम’ (१९३६) सादर केला. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात तो ५७ आठवडे चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. संतचरित्राचा हा चित्रपट दिग्दर्शित करणाऱ्या दोघांपैकी एक मुसलमान होता आणि त्याला कोणी आक्षेप घेतला नाही, ही बाब त्या काळाविषयी पुष्कळ काही सांगते.

या चित्रपटात तुकोबांना छळणारा सालोमालो दांभिक आणि मत्सरी आहे. तुकोबांची चौकशी करावयास आलेल्या रामेश्वरशास्त्र्यांना पश्चात्ताप होतो. गाथा इंद्रायणीत बुडवावी लागते आणि दैवी कृपेने ती परत मिळते. ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) या चित्रपटात कथा पैठणला येते. शुद्धिपत्रासाठी आलेल्या संन्याशाच्या मुलांना तेथील धर्मसभा जुमानत नाही. रेड्याच्या मुखातून वेद उमटतात आणि सभा नमते.

या कथानकांची रचना बारकाईने पाहिली तर एक सूत्र हाती लागते. धर्माधिकाराचा अन्याय पडद्यावर निर्भयपणे दाखविता येत होता. मात्र त्यासाठी दोन अटी अलिखितपणे पाळल्या जात होत्या. पहिली अट अशी की अन्याय व्यवस्थेचा नसून एखाद्या दांभिक व्यक्तीचा असावा. दुसरी अट अशी की त्याचा निर्णय युक्तिवादाने न होता चमत्काराने व्हावा. ईश्वरानेच कौल दिल्यावर हरकत घेण्यास कोणाला जागा उरत नाही. चमत्कार हा श्रद्धेचा भाग होता तसा तो चित्रपटकर्त्याचे कवचही होता.

याचे सर्व श्रेय अथवा दोष भीतीला देणे योग्य नाही. महिपतीच्या ‘भक्तविजय’ या ग्रंथापासून संतचरित्रांची परंपराच चमत्कारांनी भरलेली आहे. दामले-फत्तेलाल यांनी ती परंपरा मनोभावे स्वीकारली होती आणि प्रेक्षकांचीही तीच अपेक्षा होती. तथापि एकदा हा साचा यशस्वी ठरल्यावर त्याबाहेर जाणे म्हणजे कवच उतरवून ठेवणे होते. पुढील काळातील वाद नेमके तेथेच उद्भवलेले दिसतात.

कवचाविना : ‘महात्मा फुले’, ‘दशक्रिया’ आणि ‘फुले’

स्वातंत्र्यानंतर आचार्य अत्रे यांनी ‘महात्मा फुले’ (१९५४) हा चित्रपट काढला. बाबूराव पेंढारकर यांनी जोतिरावांची भूमिका केली. चित्रपटाच्या मुहूर्ताला डॉ. आंबेडकर उपस्थित होते. येथे चमत्कार नव्हता. धर्मसत्तेची चिकित्सा करणारा गृहस्थ नायक होता. या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. ज्या ‘महात्मा’ या शब्दावर १९३५ मध्ये सेन्सॉरने हरकत घेतली, तोच शब्द १९५४ मध्ये शीर्षकात सन्मानाने मिरविला.

सात दशकांनंतर जोतिराव व सावित्रीबाई यांच्यावरील अनंत महादेवन दिग्दर्शित ‘फुले’ या हिंदी चित्रपटाच्या वाट्याला वेगळा अनुभव आला. ११ एप्रिल २०२५ या फुले जयंतीच्या दिवशी होणारे त्याचे प्रदर्शन २५ एप्रिलपर्यंत पुढे गेले. काही ब्राह्मण संघटनांनी झलक पाहूनच आक्षेप नोंदविले होते. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ यांसारखे शब्द काढावयास किंवा बदलावयास सांगितले. तीन हजार वर्षांच्या गुलामीचा उल्लेखही सौम्य करावा लागला. जोतिरावांचे स्वतःचे ग्रंथ या शब्दांनी भरलेले आहेत आणि ते शासनाने प्रकाशित केलेल्या समग्र वाङ्मयातही उपलब्ध आहेत. छापील पानावर जे महाविद्यालयात शिकविले जाते ते पडद्यावर उच्चारणे मात्र अवघड झाले.

या दोन टप्प्यांच्या मध्ये गोदाकाठचे उदाहरण येते. बाबा भांड यांच्या ‘दशक्रिया’ या कादंबरीवर संदीप पाटील यांनी त्याच नावाचा चित्रपट केला. नदीच्या घाटावरील अंत्यविधी, त्यांभोवतीचा अर्थव्यवहार आणि त्यातून पोट भरू पाहणारा एक गरीब मुलगा हा त्याचा विषय. ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा सन्मान लाभला. मनोज जोशी यांना सहायक अभिनेत्याचा आणि संजय कृष्णाजी पाटील यांना आधारित पटकथेचा पुरस्कार मिळाला. असे असूनही नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रदर्शनाच्या तोंडावर पुरोहितवर्गाची बदनामी होत असल्याचा आक्षेप घेण्यात आला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. न्यायालयाने प्रदर्शन रोखले नाही आणि १७ नोव्हेंबरला चित्रपट पडद्यावर आला. परंतु काही ठिकाणी चित्रपटगृहांनी सावध पवित्रा घेतला.

कादंबरी अनेक वर्षे वाचली जात होती, तिच्यावर असा वाद झाला नव्हता. पैठणची धर्मसभा ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये निष्ठुर दाखविली गेली तेव्हाही झाला नव्हता. फरक एवढाच की ‘दशक्रिया’त रेडा वेद बोलत नाही. तेथे अन्याय एखाद्या खलपुरुषापुरता मर्यादित नाही, तो व्यवहारात मुरलेला आहे, आणि त्याचा निवाडा प्रेक्षकांवर सोपविलेला आहे. कवच उतरविल्याची किंमत या चित्रपटाला चुकवावी लागली, असा निष्कर्ष त्यावरून काढता येतो.

भयाचे स्थलांतर : कचेरीतून रस्त्यावर

कायद्याच्या बाजूने पाहता कलावंताची स्थिती या काळात दुर्बळ झालेली नाही. ‘एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम’ (१९८९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्तीवर निर्बंध घालता येणार नाहीत. सुव्यवस्था राखणे ही शासनाची जबाबदारी आहे. त्यापूर्वी १९८८ मध्ये गोविंद निहलानी यांच्या ‘तमस’ या मालिकेच्या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहून तिचे प्रसारण रोखण्यास नकार दिला होता.

व्यवहारात मात्र प्रवाह उलट दिशेने वाहिला. १९९५ मध्ये मणिरत्नम यांचा ‘बॉम्बे’ प्रदर्शनापूर्वी शिवसेनाप्रमुखांना दाखविण्यात आला. मुस्लिम संघटनांनीही त्याला विरोध केला आणि दिग्दर्शकाच्या घरावर बॉम्बहल्ला झाला. २००६ मध्ये ख्रिस्ती संघटनांच्या विरोधानंतर ‘द दा विंची कोड’ भारतात काल्पनिकतेची पाटी लावून दाखविण्यात आला. २०१३ मध्ये तामिळनाडूत ‘विश्वरूपम’ची काही दृश्ये मुस्लिम संघटनांशी झालेल्या समझोत्यातून वगळण्यात आली. जानेवारी २०२४ मध्ये ‘अन्नपूर्णी’ हा प्रमाणित तमिळ चित्रपट मुंबईत तक्रार दाखल झाल्यावर ओटीटी माध्यमावरून मागे घेण्यात आला. यावरून हे दडपण कोणा एका धर्मापुरते मर्यादित नाही, हे स्पष्ट व्हावे.

महाराष्ट्रात साहित्यक्षेत्राने हा अनुभव आधीच घेतला होता. आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ (२००८) या कादंबरीवर वारकऱ्यांनी तीव्र आक्षेप घेतला. यादव यांनी क्षमा मागितली, पुस्तक मागे घेतले. तरीही महाबळेश्वर येथील २००९ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना सोडावे लागले. कादंबरीच्या कलात्मक व ऐतिहासिक बाजूंविषयी मतभेद असू शकतात. परंतु निवडून आलेल्या संमेलनाध्यक्षाची जर ही अवस्था होते, तर संतचरित्राला नव्याने हात घालू इच्छिणाऱ्या पटकथालेखकाने त्यातून काय बोध घेतला असेल, हे सांगावयास नको.

२०२५ : जांबच्या समर्थांचे शब्द

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये जांब येथे झाला. नारायण सूर्याजीपंत ठोसर हे त्यांचे मूळ नाव. भुजंगप्रयात वृत्तातील त्यांचे २०५ मनाचे श्लोक शतकानुशतके मराठी घरांत पाठ केले जातात. दिवेलागणीला, शाळेच्या प्रार्थनेत, पाठांतर-स्पर्धेत ते ऐकू येतात. मराठी मुलाच्या उच्चाराला वळण लावणारी ही रचना आहे.

मृण्मयी देशपांडे यांच्या चित्रपटात नायिकेचे नाव मनवा आणि नायकाचे श्लोक. त्या दोन नावांवर श्लेष साधून ‘मना’चे श्लोक’ हे शीर्षक योजले होते. चित्रपटाचा समर्थांच्या रचनेशी कथेच्या दृष्टीने संबंध नव्हता. समर्थ संप्रदायातील मंडळी आणि काही हिंदुत्ववादी संघटना यांचा आक्षेप नेमका यालाच होता : उपासनेचा भाग असलेल्या रचनेचे नाव प्रेमकथेच्या व्यावसायिक प्रसिद्धीसाठी वापरले जाऊ नये. हा आक्षेप निराधार म्हणून झटकून टाकणे योग्य होणार नाही. ज्यांच्या नित्यपाठात हे श्लोक आहेत त्यांना त्या नावाचा असा वापर खटकणे स्वाभाविक आहे आणि तसे म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. दुसऱ्या बाजूने, मन आणि श्लोक हे मराठी भाषेचे शब्द आहेत, त्यांवर श्लेष करणे ही मराठी साहित्याची जुनी रीत आहे, हा युक्तिवादही तितकाच विचारार्ह होता.

खेदाची गोष्ट अशी की या दोन बाजूंचा विचार पूर्णत्वास गेलाच नाही. उच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली. १० ऑक्टोबर २०२५ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला. पुण्यासह काही शहरांत खेळ बंद पाडण्यात आले. निर्मात्यांनी राज्यभरातील प्रदर्शन थांबविले आणि १६ ऑक्टोबरला नवे नाव घेऊन चित्रपट परत आणला. मंडळाने आक्षेप घेतला नव्हता, न्यायालयाने रोखले नव्हते, शासनाने बंदी घातली नव्हती. नाव बदलण्याचा आदेश कोणाच्याही सहीने निघाला नाही.

‘महात्मा’ आणि ‘मना’चे श्लोक’ यांतील अंतर हेच आहे. १९३५ मध्ये सत्तेने नाव बदलावयास लावले आणि निर्मात्यांनी आशय राखला. २०२५ मध्ये सत्तेच्या सर्व पायऱ्या पार करूनही निर्मात्यांना माघार घ्यावी लागली. या माघारीला भ्याडपणा म्हणणे सोपे, पण अन्यायाचे होईल. चित्रपटगृहाची काच फुटली तर ती मालकाची असते, प्रेक्षकांत लहान मुले असतात आणि पहिल्या तीन दिवसांत बुडालेले उत्पन्न न्यायालयाच्या निकालाने परत मिळत नाही.

जांबचाच एक प्रतिदाखला

याच जांब गावाने या प्रश्नाचे वेगळे उत्तरही दिले आहे. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक २०१२ मध्ये रंगभूमीवर आले. त्याचे लेखक राजकुमार तांगडे हे जांब समर्थचे. दिग्दर्शन नंदू माधव यांचे, मूळ संकल्पना व गीते शाहीर संभाजी भगत यांची. कलावंतांपैकी अनेक जण जालना जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून आलेले होते. शिवाजी महाराजांना न्यावयास आलेला यम त्यांचे विचार मात्र पृथ्वीवरच विसरतो, या कल्पनेभोवती नाटकाची गुंफण आहे. शिवचरित्राला विशिष्ट धार्मिक रंग देणाऱ्या मांडणीला ते शाहिरी सवाल-जबाबातून प्रश्न विचारते. विषय ज्वलनशील होता, नाव खोडकर होते. तरीही नाटकाचे शेकडो प्रयोग झाले आणि प्रेक्षकांनी त्याला उचलून धरले.

नाटकाला जे साधले ते चित्रपटाला का साधू नये, या प्रश्नाचे उत्तर धैर्याच्या तुलनेत नाही. ते माध्यमांच्या अर्थकारणात आहे. महाराष्ट्रात नाट्यप्रयोगालाही रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे कायद्याने नाटक अधिक मोकळे आहे असे नाही. परंतु नाटक एका रात्री एका गावात होते. प्रयोगानंतर प्रेक्षक कलावंताला भेटतो, वाद घालतो, पुढच्या गावी त्याची वार्ता आधी पोहोचते. विश्वास टप्प्याटप्प्याने जमा होतो. चित्रपट एकाच शुक्रवारी शेकडो पडद्यांवर जातो, त्यात कोट्यवधी रुपये गुंतलेले असतात आणि झलक पाहून उठलेला आक्षेप चित्रपट पाहिला जाण्याच्या आत पसरतो. जालन्याचा शेतकरी-कलावंत जे बोलू शकला ते मुंबईचा निर्माता बोलू शकला नाही. कारण पहिल्याजवळ गमावण्यासारखे थोडे होते आणि प्रेक्षक समोर बसलेला होता.

निष्कर्ष

१. धार्मिक रोषाच्या भीतीने होणारी स्वयंसेन्सॉरशिप मराठी चित्रपटाला नवी नाही. तिचे केंद्र मात्र बदलले. परकीय सत्तेच्या काळात ती सेन्सॉर कचेरीकडे पाहून होत असे. आज ती रस्त्यावरील संभाव्य प्रतिक्रियेकडे पाहून होते.

२. संतपटाने धर्मसत्तेवर टीका करण्याची एक सुरक्षित रीत निर्माण केली. व्यक्तीला दोष आणि चमत्काराने निवाडा ही तिची दोन अंगे होत. ‘दशक्रिया’ व ‘फुले’ यांनी या रीतीबाहेर पाऊल टाकले आणि त्यांना विरोधाला सामोरे जावे लागले. ‘महात्मा फुले’ला १९५४ मध्ये मिळालेला सन्मान पाहता, ही सहिष्णुता एकदा साध्य झालेली होती हेही विसरता येत नाही.

३. न्यायालयीन संरक्षण आवश्यक असले तरी पुरेसे ठरलेले नाही. न्यायालय प्रदर्शनाला अनुमती देऊ शकते. प्रत्यक्ष खेळ निर्विघ्न पार पडावा, ही जबाबदारी स्थानिक प्रशासनाने निभावली तरच त्या अनुमतीला अर्थ राहतो.

४. सर्वांत गंभीर हानी इतिहासाच्या साधनांची आहे. ‘महात्मा’चे नाव का बदलले याचे उत्तर आज देता येते. २०२५ नंतर कोणत्या पटकथा लिहिल्याच गेल्या नाहीत, कोणती नावे यादीतूनच खोडली गेली, हे पन्नास वर्षांनी कोणत्याही दप्तरखान्यात सापडणार नाही. न बोललेल्या गोष्टींची संख्या वाढत गेली की समाजाचे स्वतःविषयीचे ज्ञानच अपुरे होत जाते.

या दृष्टीने महाविद्यालयांवर एक दायित्व येते. प्रादेशिक चित्रपटांच्या पटकथांचे पहिले खर्डे, मंडळाची पत्रे, बदललेल्या जाहिराती, लेखक-दिग्दर्शकांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती यांचा संग्रह इतिहास आणि मराठी विभागांनी एकत्रितपणे करता येण्याजोगा आहे. मराठवाड्यातील कलावंतांची एक संपूर्ण पिढी आज सांगावयास उपलब्ध आहे. त्यांनी काय केले याची नोंद होतच आहे; काय करावयाचे राहून गेले आणि का, हेही त्यांच्याकडूनच वेळेत विचारून घेतले पाहिजे. पैठणच्या एकनाथांनी आपल्या काळाच्या रोषाला न जुमानता पंगत मोडली, जांबच्या रामदासांनी मनालाच उपदेश केला. त्यांच्या प्रदेशातील चित्रपट भयापोटी काय बोलला नाही, याची नोंद ठेवणे हे इतिहासाच्या अभ्यासकांचे काम आहे.